'मला नाही भूक' : घरातलं धान्य आणि आईचं मन

माझी या विषयाशी गाठ पडली ती एका कागदाच्या समासात. साधारण पंधरा वर्षांपूर्वी नाशिकमध्ये मी एका सर्वेक्षणाचे फॉर्म संगणकावर भरण्याचं काम करत होते. शिक्षण बी.कॉम., तेही बाहेरून परीक्षा देऊन. संशोधनाशी संबंध शून्य. एका फॉर्ममागे ठरलेले पैसे मिळत, एवढाच माझा त्यातला रस. त्या फॉर्ममध्ये घरातल्या अन्नाविषयी नऊ प्रश्न होते. गेल्या चार आठवड्यांत घरात अन्न पुरणार नाही अशी काळजी वाटली का, इथून सुरुवात. आणि अख्खा दिवस-रात्र काहीही न खाता काढावी लागली का, हा शेवट. उत्तर 'नाही' असेल तर शून्य, 'हो' असेल तर एक आणि पुढे किती वेळा त्याचा आकडा. एका फॉर्मवर या शेवटच्या प्रश्नासमोर, प्रश्न विचारणाऱ्या मुलीने शून्याला गोल केला होता आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'बाई म्हणते, उपास होता. आठवड्यातून तीन.'

संगणकावर उपासाला रकाना नव्हता. मी शून्य दाबलं आणि पुढचा फॉर्म घेतला.

रात्री घरी भाकऱ्या थापताना ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण तसे उपास मी पाहिले होते. माझी आई सोमवार करायची, गुरुवार करायची, शनिवार करायची. एकादश्या आणि चतुर्थ्या वेगळ्या. नात्यात ती फार देवभोळी समजली जायची. खरं तर देवळात ती वर्षातून चारदाही जात नसे. आणि तिच्या उपासाला साबुदाणा नसे, वरई नसे, शेंगदाण्याची आमटी नसे. उपासाचं खायला पैसे लागतात. तिचा उपास म्हणजे कपभर कोरा चहा. शाळेत मी मैत्रिणींना अभिमानाने सांगत असे, आमच्या आईचे उपास कडक असतात. त्या कडकपणाचा अर्थ कळायला मला वयाची चाळिशी आणि कुणा अनोळखी मुलीची पेन्सिल लागली.

त्यानंतर मी वाचायला लागले. शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी निबंध वाचले, संख्याशास्त्र अकरावीच्या पुस्तकापासून पुन्हा शिकले, आणि पुढे जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर, नाशिकच्या वस्त्यांमध्ये, ओळखीच्या कार्यकर्त्यांबरोबर हिंडून बायकांशी बोलले. मी डॉक्टर नाही, मानसतज्ज्ञही नाही. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पटली आहे आणि ती सांगण्यासाठीच हा लेख आहे. आईचं मन बिघडायला घरात उपासमार व्हावी लागत नाही. उपासमार टाळण्याच्या रोजच्या धडपडीतच ते बिघडायला लागतं, आणि त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला 'यांच्याकडे तर सगळे दोन वेळा जेवतात' असं दिसत असतानाच ते बिघडलेलं असतं.

*

१९९६ साली रोममध्ये जागतिक अन्न परिषद भरली. तिथे अन्नसुरक्षेची व्याख्या ठरली : सर्व माणसांना, सदासर्वकाळ, पुरेसं, सुरक्षित आणि पोषक अन्न प्रत्यक्षात आणि पैशाच्या दृष्टीने मिळू शकणं. या व्याख्येतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा शब्द 'सदासर्वकाळ' हा आहे. आज डबा भरलेला आहे, पण वीस तारखेला तो तसा असेल का हे सांगता येत नाही, तर ते घर आजही अन्नसुरक्षित नाही. पोट भरलेल्या माणसालाही ही असुरक्षितता असू शकते, हे एकदा ध्यानात आलं की पुढचं सगळं सोपं होतं.

हे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आणून दिलं ते आयांनी. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात कॅथी रॅडिमर नावाची विद्यार्थिनी भुकेचं मोजमाप कसं करावं यावर काम करत होती. तोवर मोजमाप म्हणजे कॅलरी, वजन, उंची. तिने न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागातल्या ३२ बायकांना सविस्तर बोलतं केलं. अमेरिकेसारख्या देशातल्या या बायका. त्यांच्या बोलण्यातून जे आलं त्याचे चार धागे तिने वेगळे केले. अन्न कमी पडणं हा एक. तेच ते, निकृष्ट खावं लागणं हा दुसरा. तिसरा, पुढे काय होईल याची धास्ती. आणि चौथा, अन्न अशा मार्गाने मिळवावं लागणं की मान खाली जावी. शिवाय एक क्रमही दिसला : आधी धास्ती, मग ताटातले पदार्थ कमी, मग आईचं जेवण कमी आणि अगदी शेवटी मुलांचं. मुलाच्या ताटापर्यंत भूक पोचते तेव्हा आई तिला कितीतरी आधीपासून अडवत उभी असते.

या कामातूनच पुढे अमेरिकेची १८ प्रश्नांची सरकारी प्रश्नावली तयार झाली. १९९५ पासून ती तिथे वापरात आहे. मी ज्या नऊ प्रश्नांवर बोटं चालवली ती तिचीच गरीब देशांसाठी केलेली धाकटी बहीण. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१४ पासून आठ प्रश्नांची आणखी एक पट्टी जगभर लावायला सुरुवात केली. या सगळ्यांमध्ये पहिली पायरी एकच आहे : काळजी वाटली का?

आणि मराठीत हाच प्रश्न अडतो. आपल्याकडे काळजी 'वाटते' आणि काळजी 'घेतात'ही. शब्द एकच. मोखाड्याकडे एका बाईला मी विचारलं, धान्य संपेल अशी काळजी वाटली का? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, ''काळजी तर रोजचीच की ताई. बाईमाणसाला काळजी नसून कसं चालेल?'' तिच्या लेखी तो तिच्या स्वभावाचा भाग होता, किंवा कामाचा. पाणी भरणं, सरपण आणणं, काळजी करणं. अशा बाईच्या नावापुढे 'नाही' लिहिलं जातं. 'अन्न असुरक्षितता' हा शब्द तर मी कुठल्याच घरात कधी उच्चारला नाही. बायका म्हणतात ओढाताण आहे, भागत नाही, हातातोंडाची गाठ पडत नाही. ज्या दिवशी कुणी म्हणतं 'चूल पेटली नाही', त्या दिवशी आपण नऊ प्रश्नांच्या तळाशी आलेलो असतो.

मधल्या पायऱ्या मात्र बायका फार बारकाईने सांगतात, फक्त त्याला त्या अडचण म्हणत नाहीत, संसार म्हणतात. आमटीत पाणी वाढवणं. तूरडाळीऐवजी मठ, मठाऐवजी नुसता तिखट-मिठाचा रस्सा. शेजारून वाटीभर पीठ उसनं आणणं, आणि परवा ज्या घरातून आणलं तिथे आज जायचं नाही हे लक्षात ठेवणं. वाण्याच्या वहीत मांडून ठेवायला पोराला पाठवणं, कारण पोराला तो हाकलत नाही. स्वतः सगळ्यांच्या मागून बसणं आणि पातेल्याला लागलेली खरवड पाण्याने सोडवून पिणं. 'मला नाही भूक', 'मघाशीच खाल्लं', 'पोटात जरा गुबारा धरलाय' ही वाक्यं. यातली एकेक गोष्ट किरकोळ आहे. पण हे सगळं रोज, मनातल्या मनात, कुणाला कळू न देता करायचं, म्हणजे एक मोठी हिशेबवही डोक्यात सतत उघडी ठेवण्यासारखं आहे. मी हिशेबाची बाई असल्याने मला ही उपमा सुचते. त्या वहीत शिल्लक कधीच नसते आणि चूक झाली तर भरपाई मुलाच्या ताटातून होते.

आई आधी स्वतःचं ताट कमी करते हे आपल्याकडचं त्यागाचं कौतुक म्हणून सांगितलं जातं, पण ते इथलंच नाही. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्रांतांमध्ये लिन मॅकिंटायर आणि सहकाऱ्यांनी एकट्याने मुलं वाढवणाऱ्या १४१ गरीब आयांचं आणि त्यांच्या मुलांचं खाणं महिनाभर, दर आठवड्याला नोंदवलं. २००३ साली ते प्रसिद्ध झालं. आयांचा आहार मुलांपेक्षा सतत निकृष्ट होता आणि महिना सरत जाईल, हातातला पैसा संपत जाईल, तशी दोघांमधली दरी रुंदावत गेली. महिनाअखेर नावाची गोष्ट कॅनडातही असते.

*

आता मनाकडे येते. २००६ मध्ये रॉबर्ट व्हिटेकर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १८ शहरांमधल्या, तीन वर्षांची मुलं असलेल्या २,८७० आयांचा अभ्यास छापला. घरात अन्नाची पूर्ण शाश्वती असलेल्या आयांपैकी साधारण १७ टक्के जणींना गेल्या वर्षात नैराश्याचा किंवा चिंतेचा आजार होता. किंचित ओढाताण असलेल्यांमध्ये हे प्रमाण २१ टक्के झालं, आणि अन्न असुरक्षित घरांमध्ये ३० टक्के. त्यांच्या मुलांमध्ये आक्रस्ताळेपणा, घाबरटपणा, लक्ष न लागणं याचं प्रमाणही असंच पायरीपायरीने चढत गेलं. मधल्या गटाकडे मी वाचकाचं लक्ष वेधते. त्या घरांना कुणी भुकेलं म्हणणार नाही. तरी आईच्या मनावर ओरखडा उठलेला आहे.

माझ्यासारखीला इथे एक शंका आली, आणि ती जाणकारांनीही घेतलेली आहे. प्रश्नावलीचा पहिला प्रश्नच जर 'काळजी वाटली का' असा असेल, तर काळजी करणाऱ्या बाईचा चिंतेच्या तपासणीतही वरचा आकडा येणारच. आपण एकच गोष्ट दोनदा मोजून 'संबंध सापडला' म्हणतोय की काय? आणि दुसरी शंका : कदाचित उलटं असेल. मन खचलेल्या बाईला काम मिळत नाही, रांगेत उभं राहवत नाही, म्हणून घरात अन्न कमी पडत असेल.

या शंकांना पूर्ण उत्तर नाही, पण बरंचसं आहे. त्यासाठी त्याच बायकांना पुन्हा पुन्हा भेटावं लागतं. कोलीन हेफ्लिन आणि सहकाऱ्यांनी मिशिगन राज्यात सरकारी मदतीवर असलेल्या ७५३ बायकांची तीन वर्षांची माहिती तपासली. ज्या बाईच्या घरातली अन्नाची स्थिती बदलली, तिच्या नैराश्यातही बदल झाला. म्हणजे हा नुसता स्वभावाचा प्रश्न नव्हे. क्रेग हॅडली आणि क्रिस्टल पाटील यांनी टांझानियाच्या खेड्यांमध्ये ऋतू बदलेल तसं तेच प्रश्न पुन्हा विचारले. धान्य असण्या-नसण्याचा ऋतू बदलला तशी आयांच्या चिंतेची आणि उदासीची लक्षणंही बदलली. आणि केनियाच्या एका ग्रामीण भागात सोडत काढून काही कुटुंबांना कुठलीही अट न घालता पैसे देण्यात आले, काहींना नाही. ज्यांना मिळाले त्यांचा अन्नावरचा खर्च वाढला आणि मानसिक स्वास्थ्यही सुधारलं. सोडत मन बघून निघत नाही, त्यामुळे इथे कारण कुठलं आणि परिणाम कुठला याबद्दल फारसा वाद राहत नाही.

ऋतूची गोष्ट आपल्याकडे सांगायला पाटील आणि हॅडली लागत नाहीत. जव्हार-मोखाड्याकडे आषाढ-श्रावणात घरातली नाचणी संपलेली असते, शेतात लावणीचं काम असतं आणि बाहेरची मजुरी बंद असते. या दिवसांत खाण्यासाठी म्हणून आदिवासींना जे कर्ज देण्याची सरकारी योजना होती, तिचं नावच 'खावटी'. दिवाळीनंतर माणसं वीटभट्ट्यांवर जातात, पण त्या कामाची उचल अनेकदा पावसाळ्यातच घेतलेली आणि खाल्लेली असते. तिथल्या एका आजीबाई मला म्हणाल्या होत्या, ''भादव्यात बाया बोलत नाहीत.'' मी ते कवित्व समजून वहीत लिहून ठेवलं. टांझानियाचा निबंध वाचल्यावर ते पान पुन्हा काढलं.

*

आपल्या सगळ्यात जवळचा अभ्यास गोव्याचा आहे. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा यांनी तिथल्या एका जिल्हा रुग्णालयात आलेल्या २७० गरोदर बायकांचा बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत माग ठेवला आणि २००२ साली निष्कर्ष छापले. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बाळंतिणींना नैराश्याचा आजार होता. त्यांतल्या ७८ टक्के जणी गरोदरपणातच मनाने बऱ्याच खचलेल्या होत्या. निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. आर्थिक ओढगस्त आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही मोठी कारणं. त्यात मुलगी झाली असेल तर भर. त्याच मालिकेतल्या पुढच्या निबंधात असं दिसलं की अशा आयांची बाळं सहा महिन्यांची होईतो वजनात आणि लांबीत मागे पडत होती. 'बाळंतपणात बाई हळवी होतेच' म्हणून आपण जे सोडून देतो, ते बाळाच्या हाडामांसापर्यंत पोचतं.

गोव्याचाच आणखी एक अभ्यास मला जास्त शिकवून गेला. आपल्याकडे दवाखान्यात आलेली बाई कधीच म्हणत नाही की मी उदास आहे. ती म्हणते अशक्तपणा आहे, अंग मोडून येतं, कंबर धरते, झोप लागत नाही. डॉक्टर पापणी ओढून बघतात आणि लोहाच्या गोळ्या लिहून देतात. गोव्यात सुमारे अडीच हजार बायकांमध्ये या अशक्तपणाचा शोध घेतला गेला, २००५ साली तो प्रसिद्ध झाला. १२ टक्के बायकांना दीर्घकाळचा थकवा होता. त्याचा संबंध गरिबीशी आणि मनाच्या आजाराशी होता, घरात बाई म्हणून सोसाव्या लागणाऱ्या गोष्टींशी होता. रक्तातल्या हिमोग्लोबिनशी मात्र आढळला नाही. याचा अर्थ गोळ्या देऊ नयेत असा मुळीच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता, तो बरा व्हायलाच हवा. पण 'अशक्तपणा' या शब्दात बाई जे सांगत असते ते सगळं गोळीत मावत नाही.

भुकेने मन बिघडतं यात शरीराचाही वाटा असतोच. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. ते चिडखोर झाले, खिन्न झाले, माणसं टाळू लागले. काही तर दिवसभर पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. हा प्रयोग मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला दोन गोष्टी खटकतात. त्या तरुणांना शेवटची तारीख ठाऊक होती. आणि त्यांना त्या अर्ध्या पोटातून कुणाला वाढायचं नव्हतं.

*

मग करायचं काय? बोलण्याने फरक पडतो. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत अतिफ रहमान यांनी गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांना थोडं प्रशिक्षण देऊन नैराश्य आलेल्या गरोदर बायकांशी ठरावीक पद्धतीने बोलायला शिकवलं. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा ज्या आयांशी असं बोलणं झालं होतं त्यांच्यातल्या २३ टक्के नैराश्यात होत्या. ज्यांच्याकडे सेविका नुसत्या भेटीला जात होत्या त्यांच्यातल्या ५३ टक्के. २००८ सालचे हे आकडे आहेत, आणि आपल्या आशाताई आणि अंगणवाडीताई डोळ्यांसमोर आणून वाचावेत असे आहेत. मात्र याच अभ्यासात बाळांच्या वजन-उंचीत म्हणावा असा फरक दिसला नाही. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते, कारण हल्ली समुपदेशन म्हटलं की सगळं भागलं अशी एक हवा आहे. ज्या बाईच्या डब्यात पीठ नाही तिला दीर्घ श्वास घ्यायला सांगणं मला तरी जमत नाही.

धान्याच्या बाजूने बघावं तर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने एक शहाणपणाची गोष्ट केली : शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या थोरल्या बाईचं नाव घातलं. प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. चार भाकऱ्यांचं पीठ. डाळ, तेल, भाजी ज्याची त्याने बघायची. तरी या पाच किलोंचं मोल मी कमी मानत नाही. बायकांची तक्रार बहुतेक वेळा किलोंची नसतेच. नाशिकच्या एका वस्तीतली धुणीभांडी करणारी बाई म्हणाली, ''ताई, येतंय हे माहीत असतं. कधी येतंय ते माहीत असतं तर मी झोपले असते.'' ठरलेल्या तारखेला माल येणं, अंगठा उमटला नाही म्हणून परत न पाठवणं, या व्यवस्थेच्या बारीकसारीक गोष्टी वाटतात. मला त्या मनाच्या आरोग्याच्या गोष्टी वाटतात, आणि त्या आरोग्य खात्याच्या कुठल्याच फायलीत नसतात.

दुसरी शहाणपणाची गोष्ट २०१५ पासून महाराष्ट्राच्या आदिवासी भागात आहे : अब्दुल कलाम अमृत आहार योजना. गरोदरपणाच्या शेवटच्या काळात आणि बाळंतपणानंतरचे काही महिने बाईला अंगणवाडीत एक वेळचं गरम, पूर्ण जेवण. भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, भाजी, अंडं. घरी न्यायला दिलेलं कोरडं पाकीट घरच्या सगळ्यांत वाटलं जातं, आणि वाटणारी तीच असल्याने तिच्या वाट्याला चमचाभर येतं. अंगणवाडीत वाढलेलं ताट तिला तिथे बसून संपवायचं असतं. मोखाड्याकडच्या एका पाड्यावर मी हे जेवण होताना बघितलं. सात-आठ जणी भिंतीला टेकून बसल्या होत्या. एक जण अंडं पदरात गुंडाळू लागली. घरी तीन वर्षांचा मोठा मुलगा होता. सेविका म्हणाली, ''बाय, इथंच खा. त्याला उद्या घेऊन ये, त्याला मी वेगळं देते.'' बाईने ते अंडं खाल्लं; पण भिंतीकडे तोंड करून, भराभर, चोरी केल्यासारखं. आमच्या पिढ्यान् पिढ्यांचं सगळं शिक्षण त्या पाठीत दिसत होतं. योजनेला अडचणी आहेत, लांबच्या पाड्यांवरून रोज चालत येणं पोटुशीला जमत नाही, शेतीच्या दिवसांत तर नाहीच. तरीही, मला कुणी एकच गोष्ट वाढवायला सांगितली तर मी ही वाढवीन, आणि शहरातल्या वस्त्यांतही आणीन.

*

माझ्या आईबद्दल एक राहिलं. '७२ च्या दुष्काळात मी तीन वर्षांची होते. सिन्नर तालुक्यातलं आमचं गाव. आई-दादा दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडत, तिथे मिळणारी सुकडी आई पदरात बांधून घरी आणायची. रेशनवर तांबडा मिलो यायचा. पुढे दादांना नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात काम लागलं, पगार सात तारखेला. आम्ही चार भावंडं. या पुढच्या वर्षांबद्दल नात्यात सगळे म्हणतात की आई फार तापट होती. होतीच. लाटणं, उलथनं, हाताला येईल त्याने मारायची. मग तास-तास चुलीपाशी न बोलता बसून राहायची. आम्ही तिला घाबरून असायचो, आणि खरं सांगायचं तर मोठं झाल्यावरही माझ्या मनात तिच्याबद्दल एक अढी राहिली होती.

आता ती ऐंशीच्या घरात आहे. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी मी तेच नऊ प्रश्न तिला विचारले, सातपूरची पहिली वर्षं धरून. हसत हसतच विचारले. ती प्रत्येक प्रश्नाला 'नाही' म्हणत गेली. उपाशी झोपावं लागलं का? नाही. कमी जेवावं लागलं का? नाही बाई, सगळे व्यवस्थित जेवायचे. 'सगळे' म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. नवव्या प्रश्नानंतर मी पुन्हा पहिल्यावर आले. अन्न पुरणार नाही अशी काळजी वाटायची?

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ''रात्री तुम्ही झोपल्यावर मी पिठाचा डबा वाजवून बघायचे. वरून टिचकी मारायची. कुठपर्यंत भरलाय ते आवाजावर कळतं.''

तो आवाज मला आठवत होता. अंथरुणात पडल्या पडल्या ऐकलेला, पत्र्यावरच्या टिचकीचा. आई आवराआवर करतेय असं मी समजत असे.

धीर करून मी म्हटलं, ''आई, तू तेव्हा आम्हाला फार मारायचीस.''

''मारायचे,'' ती म्हणाली. ''महिनाअखेरीला. सात तारखेला कधी मारलं का, आठव बरं.''

मी आठवून पाहिलं. सात तारखेचं मला काही आठवेना.